टवके का उडतात, बुडबुडे का येतात: नवरात्रासाठी घरच्या घरी नखांची रंगसजावट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बडोद्यात नऊ रात्री गरब्याला जायचे आहे, रोजच्या रंगाशी नखे जुळवायची आहेत, पण घरी लावलेल्या नेलपॉलिशचे दुसऱ्याच दिवशी टवके उडतात आणि वर बारीक बुडबुडे येतात. शिवाय ऑनलाइन मिळणारा जेल नेलपॉलिशचा संच दिव्यासकट मागवावा का, हेही तुम्ही विचारले आहे. जेलचे उत्तर शेवटाकडे देतो. आधी टवक्यांचे पाहू, कारण टवके उडतात ते नखामुळे आणि घाईमुळे. बाटली महाग की स्वस्त, याचा त्यात फारच थोडा वाटा असतो.

नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा पातळ पापुद्रा. इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट या द्रावकांत तो विरघळवलेला असतो. त्यात चिकटपणासाठी राळेसारखे पदार्थ, लवचिकपणासाठी प्लास्टिसायझर आणि रंगद्रव्य घालतात. मोटारींच्या जुन्या लॅकर रंगाचे हे जवळचे भावंड. द्रावक उडून गेले की पापुद्रा मागे राहतो, एवढेच ‘सुकणे’. म्हणून दोनच गोष्टी बघायच्या: पापुद्र्याने नखाला घट्ट धरले आहे का, आणि आतला द्रावक पूर्ण बाहेर पडला आहे का.

पहिल्या गोष्टीत बहुतेकांचे चुकते ते पाण्यापाशी. कोमट साबणपाण्यात बोटे बुडवून मग रंग लावायचा, ही पार्लरची पद्धत घरीही तशीच उचलली जाते. नख पाणी शोषते, किंचित फुगते आणि सपाट होते. त्या फुगलेल्या नखावर रंग बसवला की तासा-दोन तासांत नख सुकून मूळ आकाराला येते, वरचा पापुद्रा मात्र तेवढा आकसत नाही, आणि टोकापासून सुटू लागतो. भांडी घासल्यावर किंवा अंघोळीनंतर लगेच लावलेला रंग याच कारणाने टिकत नाही. मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी चिकटलेली कातडी, मऊ करायचीच असेल तर पाण्याऐवजी क्युटिकल रिमूव्हरचा एक थेंब प्रत्येक नखाच्या मुळाशी लावा, बाटलीवर लिहिला असेल तेवढाच वेळ ठेवा, मग लाकडी काडीच्या चपट्या टोकाने नखावर चिकटलेली मेलेली पातळ कातडी हळूच मागे सारा. ही कातडी राहिली तर रंग नखावर न बसता तिच्यावर बसतो आणि तिच्याबरोबरच निघतो. नखाच्या मुळाशी असलेली जिवंत कातडीची कड मात्र कापू नका. तिच्यामुळेच जंतू आत जात नाहीत. ती कापली की नखुरडे होते.

आकार देताना धातूची कानस बाजूला ठेवा. 240 ग्रिटची कागदी किंवा काचेची फाइल घ्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकी फाइल बारीक). 100 किंवा 180 ची खरखरीत फाइल कृत्रिम नखांसाठी ठीक. नैसर्गिक नखाच्या टोकाचे थर त्याने विलग होतात आणि टवका तिथूनच सुरू होतो. गरब्यासाठी नख बोटाच्या टोकापुढे 2 ते 3 मिलिमीटरच ठेवा आणि कोपरे गोलसर करा. बडोद्याच्या गरब्यात दांडियापेक्षा टाळीच जास्त. टोकदार नखे टाळीत शेजारणीच्या हाताला लागतात आणि तुमचीही मोडतात.

रंग लावण्याआधीची शेवटची पायरी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. हात धुवून, कोरडे करून, थोडा वेळ थांबून, दहाही नखांवरून रिमूव्हरने किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा फिरवा. नखावर काहीच दिसत नसले तरी फिरवा. क्रीम, खोबरेल, फोडणी देताना उडालेले तेल, मेंदीनंतर लावलेले निलगिरी तेल, यांचा अदृश्य थर तिथे असतोच. त्यानंतर नखाला बोट लावायचे नाही, आणि केसांना तर नाहीच.

आता रंगाचे हात. बेस कोटचा एक पातळ हात द्या. लाल, मरून, गडद निळा यांचा डाग नखात उतरून ते पिवळे दिसते, ते बेस कोट अडवतो. नखांवर उभ्या रेघा असतील तर रिज फिलर प्रकारचा घ्या. मग रंगाचे दोन पातळ हात. बाटली जोराने हलवू नका, हवा मिसळते. उभी धरून दोन्ही तळव्यांमध्ये पंधरा-वीस सेकंद फिरवा. ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाला पुसून दुसऱ्या बाजूला एकच थेंब राहू द्या. मुळापासून जवळपास 1 मिलिमीटर जागा सोडून ब्रश टेकवा, किंचित मागे ढकला आणि टोकापर्यंत ओढा. मग डावी बाजू, मग उजवी. तीन ओढींत नख झाले पाहिजे. चौथ्या-पाचव्या ओढीला रंग अर्धवट सुकलेला असतो आणि ब्रशच्या रेघा उमटतात. पहिला हात पट्ट्यापट्ट्यांचा, पारदर्शक दिसला तरी हरकत नाही, त्याला दुरुस्त करत बसू नका. दोन हातांत 3 मिनिटे जाऊ द्या.

प्रत्येक हाताला नखाच्या टोकाच्या धारेवरूनही ब्रश फिरवायचा. म्हणजे नखाच्या वर आणि पुढच्या कडेवर मिळून रंग एकसंध होतो. टवके जिथून उडतात ती हीच कड. टाळी, डब्याचे झाकण, मोबाइलची काच, सगळे तिच्यावरच आदळते. ही एकच सवय लावली तरी फरक दिसेल.

बुडबुड्यांचे कारण बहुधा तुमच्या डोक्यावरच फिरत असते. पंख्याखाली रंग लावला की वरचा थर झटकन सुकून कातडे धरतो, खालचा द्रावक अडकतो आणि बाहेर पडताना बुडबुडा करतो. जाड हात दिला तरी हेच होते, आणि घट्ट झालेल्या जुन्या बाटलीतूनही. नवरात्रात पाऊस रेंगाळला आणि हवा दमट असली तर आणखी एक प्रकार घडतो: रंगावर दुधाळ, धुरकट झाक येते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. अशा दिवशी हात आणखी पातळ द्या आणि मध्ये जास्त थांबा. पंखा बंद, खिडकी उघडी आणि स्वयंपाकघर दूर, हे ठरलेले असू द्या. हे द्रावक पेट घेतात. घटापाशी अखंड दिवा तेवत असेल त्या खोलीत तर रिमूव्हरची बाटली उघडूच नका.

सुकण्याबद्दल घरोघरी एक गैरसमज आहे, की बोटे बर्फाच्या पाण्यात बुडवली की काम झाले. थंडीने पापुद्रा ताठरतो, म्हणून सुकल्यासारखा वाटतो; द्रावक आतच असतो. बोट लावून चिकटत नाही ही अवस्था दहा-पंधरा मिनिटांत येते, पण आतपर्यंत कडक व्हायला कित्येक तास लागतात. रात्री लावून झोपले की सकाळी चादरीची वीण नखांवर छापलेली असते ती म्हणूनच. जाडी दुप्पट केली की सुकायला लागणारा वेळ दुपटीहून बराच वाढतो, म्हणजे तीन पातळ हात दोन जाड हातांपेक्षा लवकर उरकतात. रात्री नऊच्या गरब्यासाठी दुपारी दोन-तीनला बसा, स्वयंपाकानंतर आणि भांड्यांनंतर. घाई असेल तर क्विक-ड्राय टॉप कोट, म्हणजे रंगावर द्यायचा लवकर सुकणारा पारदर्शक हात, वापरा, पण तो रंग किंचित ओला असतानाच, भरपूर थेंब घेऊन आणि कडेवरूनही फिरवून लावा. अर्ध्या सुकलेल्या रंगावर कंजूषपणे लावला तर तो आकसताना रंगालाही कडांपासून ओढून घेतो आणि टोकाला नखाची पांढरी रेघ उघडी पडते. हेअर ड्रायर थंड हवेवर चालेल. गरम हवेने पापुद्रा मऊ पडतो.

रोजच्या रंगाचे काय? नऊ दिवस रोज रिमूव्हर लावून रोज नवा रंग, हे करू नका. रिमूव्हरमधला ॲसिटोन नखातले तेल ओढून घेतो आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत टोके सोलायला लागतात. दोन पर्याय चांगले आहेत.

एक, सगळी नखे एकाच तटस्थ रंगाची, म्हणजे त्वचेच्या छटेची, काळी किंवा फिकी सोनेरी, नीट टॉप कोटने बंद करून ठेवायची आणि त्यावर रोजच्या रंगाची नक्षी पाण्यात कालवायच्या ॲक्रिलिक रंगाने काढायची. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो तोच रंग. टॉप कोट पूर्ण सुकलेला असेल तर त्यावर ॲक्रिलिक ओला असेपर्यंत ओल्या इअरबडने साफ पुसता येतो, म्हणून शिकणाऱ्यांसाठी तो नेलपॉलिशपेक्षा कितीतरी सोपा. वरून टॉप कोट दिला नाही तर दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस थोडा वेळ दाबून ठेवल्यावर लाकडी काडीने सोलून निघतो. रात्रभर घामात आणि टाळ्यांत त्याचा थोडा भाग झिजेल, हे धरून चाला. म्हणून ती नक्षी अनामिकेवर किंवा करंगळीवर काढा, अंगठा आणि तर्जनीवर नाही.

दुसरा पर्याय, नऊ नखांना नऊ रंग आणि दहाव्याला सोनेरी. रंगांचा क्रम दर वर्षी बदलतो, पण इथे क्रमाचा प्रश्नच येत नाही. एकदाच लावायचे आणि मधेच, चौथ्या-पाचव्या दिवशी, टॉप कोटचा एक नवा हात द्यायचा. पांढरा आणि पिवळा हे दोन रंग त्रास देतात, पट्टे पडतात. पिवळ्याखाली पांढऱ्याचा एक पातळ हात दिला की तो खुलतो.

बांधणीची नक्षी बडोद्याला शोभते, आणि नवशिक्यांना जमणारी सगळ्यात देखणी नक्षीही तीच, कारण ती फक्त ठिपक्यांची आहे. मरून किंवा गडद हिरव्याचे दोन हात, वर क्विक-ड्राय टॉप कोट, मग पंधरा मिनिटे थांबा. ठिपक्यांसाठी मंगळबाजारात डॉटिंग टूल शोधत फिरायची गरज नाही. संपलेल्या बॉलपेनचे टोक मध्यम ठिपक्याला, केसांच्या काळ्या पिनेचे गोल टोक मोठ्या ठिपक्याला, टूथपिक बारीक ठिपक्याला. प्लास्टिकच्या झाकणावर पिवळ्या रंगाचा एक थेंब घ्या, टोक त्यात जेमतेम बुडवा आणि नखावर सरळ उभे धरून टेकवा, दाबू नका. एका बुडवणीत पहिला ठिपका मोठा, दुसरा लहान, तिसरा आणखी लहान येतो. सारखे ठिपके हवे असतील तर प्रत्येक वेळी बुडवा; उतरत्या मापाची ओळ हवी असेल तर एकाच बुडवणीत काढा. झाकणावरचा थेंब दोन-तीन मिनिटांत घट्ट होतो आणि मग टोक उचलताना तार सुटते. तार दिसली की नवा थेंब घ्या, जुन्यात पाणी किंवा रिमूव्हर घालू नका. पिवळे ठिपके सुकले की प्रत्येकाच्या मध्यात टूथपिकने मरूनचा सुईएवढा ठिपका द्या. बांधणीच्या कापडावर गाठीच्या मध्यात दिसतो तसा तो डोळा आला की नक्षी एकदम ओळखीची दिसते. मांडणी नखाच्या मधोमध एका ठिपक्याभोवती सहा, आणि कडेने एक ओळ, एवढीच पुरे. सगळी दहा नखे भरू नका; दोन्ही अनामिका नक्षीच्या आणि बाकीची साधी, हे जास्त नेटके दिसते.

ठिपके काढल्यावर टॉप कोट देताना सगळे पुसट होऊन पसरते, अशी तक्रार नेहमी येते. ठिपका पापुद्र्यापेक्षा जाड असतो, सुकायला वेळ घेतो. निदान दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि टॉप कोटचा मोठा थेंब नखावर ठेवून त्या थेंबावरून ब्रश तरंगता न्या, ब्रशचे केस ठिपक्याला लागता कामा नयेत.

पैठणीचा काठ हवा असेल तर जांभळ्या किंवा राणी रंगावर टोकाला 2 ते 3 मिलिमीटरची सोनेरी पट्टी आणि तिच्या आतल्या कडेने टूथपिकने नारळी काठासारखे बारीक त्रिकोण. पट्टीसाठी चिकटपट्टी लावणार असाल तर खालचा रंग काही तास सुकलेला हवा. पट्टी आधी हाताच्या पाठीवर एकदा चिकटवून काढा, म्हणजे जास्तीचा चिकटपणा जातो. सोनेरी लावला की तो ओला असतानाच पट्टी नखाच्या जवळून, आडवी ओढून काढा. सुकल्यावर काढली तर कड दातेरी होते.

दोन रंग एकमेकांत विरघळवायचे असतील तर आधी पांढरा हात, मग मेकअपच्या स्पंजवर दोन्ही रंग शेजारी शेजारी लावून नखावर तीन-चार वेळा टेकवा, किंचित वर-खाली सरकवत. स्पंज आधी ओला करून पिळून घ्या, नाहीतर सगळा रंग तोच पितो. आजूबाजूची कातडी हमखास रंगते. तिच्यावर आधी फेव्हिकॉलचा पातळ थर देऊन सुकू द्या, नंतर तो रंगासकट सोलून निघतो. स्टॅम्पिंगला, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरची नक्षी मऊ शिक्क्याने (स्टॅम्परने) उचलून नखावर उमटवायला, वेग लागतो, कारण प्लेटवरचा रंग काही सेकंदांत सुकतो. पंखा पूर्ण बंद, स्क्रॅपर 45 अंशांत धरून एकदाच ओढा, आणि स्टॅम्पर ॲसिटोनने न पुसता चिकटपट्टीने साफ करा. पाण्यावर रंग सोडून करतात ती संगमरवरी नक्षी मात्र सोडून द्या. एका नखासाठी चार-पाच थेंब वाया जातात, पाणी जरा गार-गरम झाले की रंग पसरतच नाही, आणि एवढे करून दोन नखे सारखी येत नाहीत.

मेंदीही काढणार असाल तर क्रम महत्त्वाचा. आधी मेंदी, एक-दोन दिवसांनी नेलपॉलिश. मेंदीचा रंग नखावर चढला की धुऊन जात नाही, नख वाढेल तसाच पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढते, म्हणजे पूर्ण निघायला पाच-सहा महिने. तो नको असेल तर मेंदीच्या आधी नखांवर पारदर्शक बेस कोट लावा आणि नंतर इअरबडने नखापुरताच काढा.

हळदीचे दुखणेही आपल्याकडे ठरलेले. पांढऱ्या किंवा त्वचेच्या छटेच्या नखांनी भाजी निवडून फोडणीपर्यंत गेलात की ती पिवळी. डाग ताजा असताना अल्कोहोलच्या बोळ्याने हलकेच पुसा. उरलेला डाग उन्हात फिका पडतो, कारण हळदीतला करक्युमिन प्रकाशात टिकत नाही. मसाला कालवताना हातमोजे घालणे सगळ्यात सोपे.

आता जेलचा संच. माझे मत स्पष्ट आहे: घरी आणू नका. जेल सुकत नाही, तो दिव्याच्या 365 ते 405 नॅनोमीटरच्या प्रकाशाने जोडला जाऊन घट्ट होतो. दिवा आणि जेल एकमेकांसाठी बनवलेले नसतील तर वरून कडक आणि आतून कच्चा राहतो. जेलमधले हे कच्चे रसायन, ॲक्रिलेट, कातडीला वारंवार लागले की ॲलर्जी होते: बोटांभोवती लाली, खाज, भेगा, कधी पापण्यांवर सूज. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि तशाच रसायनांचा वापर दातांच्या उपचारांतही होतो. यांतल्या हेमा या घटकाचा वापर युरोपीय संघाने फक्त व्यावसायिकांपुरता ठेवला आहे, आणि टीपीओ या घटकावर 1 सप्टेंबर 2025 पासून तिथल्या प्रसाधनांत बंदी आहे. पार्लरमध्ये करून घ्यायचा असेल तर डबीवरची घटकांची यादी मागून वाचा, जेल कातडीला लागला तर दिव्याखाली हात जाण्याआधी पुसायला सांगा, आणि हातांना आधी सनस्क्रीन लावून जा.

चिकटवायची तयार नखे हा गरब्यासाठी चांगला तोडगा आहे, पण गोंदाशी जपा. त्या गोंदात सायनोॲक्रिलेट असतो आणि सुती कापडावर तो सांडला की इतका तापतो की खालची कातडी भाजते. चणियाचोळी घालून नखे चिकटवत बसू नका. आधी नखे, मग कपडे. एका रात्रीपुरती हवी असतील तर गोंदाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्ट्या पुरतात.

बाटली घट्ट झाली तर नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंबच घाला. रिमूव्हर घातला तर रंग फाटतो आणि पुढे टवके वाढतात. बाटल्या उभ्या, उन्हापासून दूर, झाकणाची खाच पुसून ठेवा. मे महिन्यात बडोद्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा खिडकीजवळच्या कपाटात त्या लवकर खराब होतात.

काढतानाही घाई नको. रिमूव्हरने भिजवलेला बोळा नखावर दहा सेकंद दाबून ठेवा, मग टोकाकडे एकदाच ओढा. चमकी असेल तर बोळ्यावर स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून पाच ते दहा मिनिटे ठेवा. खरवडून काढली की नखाचा वरचा थरही जातो. काढल्यावर नखावर खडूसारखे पांढरे डाग दिसले तर पृष्ठभाग कोरडा होऊन सोललेला आहे, आठवडाभर रंग न लावता रोज रात्री तेलाचा एक थेंब चोळा. डाग हिरवट असेल, किंवा नख खालून सुटून दुखत असेल, तर त्यावर पुन्हा रंग चढवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.